घरचा पाव फुगतो कशाने?

परवा दवाखान्यात एक बाई आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या. मुलीला सिलिअ‍ॅक नावाचा आजार आहे, म्हणजे गव्हातले ग्लुटेन तिच्या आतड्याला सोसत नाही. दोन वर्षांपूर्वी तपासणीत हे निघाले आणि तेव्हापासून तिच्या ताटातली पोळी जाऊन ज्वारीची भाकरी, भात आणि नाचणी आली. मुलगी अंग धरू लागली, शाळेत खेळू लागली. गेल्या तीन महिन्यांत मात्र पुन्हा जुलाब, पोटफुगी आणि चिडचिड सुरू झाली. रक्त तपासले तर टीटीजीचा आकडा परत वर गेलेला. खाण्यापिण्याची चौकशी करता करता बाई म्हणाल्या, "डॉक्टर, बाहेरचं काही देत नाही हो. पावसुद्धा घरीच करते. यीस्ट न घालता, आंबवणाचा. त्यानं गव्हातलं ग्लुटेन मरतं म्हणे."

त्याच आठवड्यात एक निवृत्त गुरुजी आले. दहा वर्षांचा मधुमेह. त्यांनी बाजारचा ब्रेड सोडून घरच्या आंबट पिठाचा पाव धरला होता आणि "हा चालतो" असे समजून सकाळी चार स्लाइस आणि संध्याकाळी दोन असा क्रम ठेवला होता. साखर वाढली म्हणून ते गोळ्यांना दोष देत होते.

२०२० च्या टाळेबंदीत बऱ्याच घरांत पाव भाजायला सुरुवात झाली आणि ती सवय काही घरांत टिकली. ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्याबरोबर यीस्टविषयी काही धास्ती आणि आंबवणाविषयी काही भाबड्या आशाही घरात शिरल्या. म्हणून आज या सदरात यीस्टचे प्रकार, ते वापरायचे कसे आणि आरोग्याच्या दृष्टीने त्यांत फरक किती, हे पाहू.

यीस्ट म्हणजे काय?

यीस्ट ही एकपेशीय बुरशी आहे. अळंबीच्या दूरच्या नात्यातली म्हणा. पाव फुगवणाऱ्या जातीचे शास्त्रीय नाव सॅकरोमायसिस सेरेव्हिसिई. ताज्या यीस्टच्या एका ग्रॅममध्ये साधारण एक हजार कोटी पेशी असतात. पिठातली साखर खाऊन त्या कार्बन डायऑक्साइड वायू आणि थोडे अल्कोहोल तयार करतात. गव्हाच्या पिठातले ग्लुटेन मळल्यावर रबरासारखे ताणले जाते, त्या जाळीत वायू अडकतो आणि गोळा फुगतो. ज्वारी-बाजरीत ग्लुटेन नाही, म्हणून त्यांचा गोळा यीस्ट घालूनही गव्हासारखा फुगत नाही.

आंबणे हे जिवंत पेशींचे काम आहे, ही गोष्ट फ्रान्सच्या लुई पाश्चरने १८५७ ते १८६० या काळात दाखवून दिली. त्याआधी हजारो वर्षे माणूस आंबवलेला पाव खातच होता, पण पीठ फुगवतो कोण हे त्याला ठाऊक नव्हते.

दुकानातले तीन प्रकार

पहिला प्रकार ताज्या यीस्टचा. हे फिकट बदामी रंगाच्या वडीसारखे असते आणि त्यात सुमारे ७० टक्के पाणी असते. ओळखीच्या बेकरीवाल्याकडे मागितले तर तुकडा मिळतो. चांगले यीस्ट बोटांनी सहज भुरभुरते आणि त्याला गोडसर वास येतो. काळपट, चिकट झालेले किंवा कुबट वासाचे घेऊ नये. फ्रिजमध्ये गुंडाळून ठेवल्यास ते दोन आठवडे बरे राहते, फार साठवू नये.

दुसरा प्रकार कोरड्या दाणेदार यीस्टचा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याला फ्रिजशिवाय टिकणारे यीस्ट हवे होते, त्या गरजेतून हे तयार झाले. प्रत्येक दाण्यावर मेलेल्या पेशींचे कवच असते. म्हणून हे आधी कोमट पाण्यात चिमूटभर साखर घालून दहा मिनिटे भिजवावे लागते. वर फेस आला तर यीस्ट जिवंत आहे, नाही आला तर पीठ वाया घालवू नका.

तिसरा प्रकार इन्स्टंट यीस्टचा. फ्रान्समधल्या लसाफ्र कंपनीने हे १९७० च्या दशकात बाजारात आणले. याचे दाणे अगदी बारीक असतात आणि ते थेट कोरड्या पिठात मिसळता येते. पाकीट फोडल्यावर हवा आणि दमटपणा हे त्याचे शत्रू. घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून फ्रीजरमध्ये ठेवले तर काही महिने कामाला येते. पावसाळ्यात ओट्यावर उघडे राहिलेले पाकीट मात्र लवकर मंदावते.

तिन्ही प्रकारांची जात एकच, फरक फक्त पाण्याच्या प्रमाणाचा. त्यामुळे अमुक यीस्ट पथ्याचे आणि तमुक अपथ्याचे, असे काही नाही. अर्धा किलो पिठाला ताजे १५ ग्रॅम, दाणेदार ७ ग्रॅम किंवा इन्स्टंट ५ ग्रॅम असा हिशेब लक्षात ठेवावा. एकाच्या जागी दुसरे वापरताना चमच्याला चमचा बदलला की पाव बिघडतो, आणि बहुतेक तक्रारींचे मूळ तेथेच असते.

दुसरे मूळ पाण्यात. यीस्टला ३८ ते ४० अंशांचे पाणी मानवते. थर्मामीटर नको, बाळाच्या दुधाप्रमाणे मनगटावर थेंब टाकून पाहावा. चटका बसला तर पाणी जास्त गरम आहे. ६० अंशांच्या आसपास यीस्ट मरते.

माडी आणि आंबवण

यीस्टचा डबा नव्हता तेव्हा काय करीत असत? गोव्यात पोर्तुगीज आले तेव्हा त्यांना पाव हवा होता, पण यीस्ट मिळेना. मग माडाच्या सुरेने, म्हणजे आपल्या माडीने, पीठ आंबवण्याची युक्ती निघाली. माडीत रानटी यीस्ट आयतेच असते. गोव्यातल्या सान्ना याच सुरेने फुगत आल्या. आज गोव्यातले बहुतेक पोदेर बाजारचे यीस्ट वापरतात. आपला 'पाव' हा शब्दही पोर्तुगीजांकडूनच आलेला.

आंबवण, म्हणजे इंग्रजीत ज्याला सावरडो म्हणतात ते, विरजणासारखेच जपायचे असते. ५० ग्रॅम कणीक आणि ५० मिलिलिटर पाणी बरणीत कालवून झाकून ठेवावे. रोज निम्मे काढून टाकावे आणि तेवढेच नवे पीठ-पाणी घालावे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते एकदम फसफसते आणि मग निपचित पडते. पुष्कळ जण येथेच कंटाळून ते फेकून देतात. पहिला फेस जिवाणूंचा असतो, यीस्टचा जोर मागाहून येतो. सात ते दहा दिवसांत, उन्हाळ्यात त्याआधीही, ते रोज ठरावीक वेळात दुप्पट होऊ लागले की पावाला लावावे. पुढच्या दिवसांत काढलेले पीठ धिरड्यात किंवा डोशाच्या पिठात संपते. गुलाबी किंवा केशरी छटा दिसली, केसाळ बुरशी आली, तर मात्र मोह न धरता सगळे टाकून द्यावे आणि बरणी उकळत्या पाण्याने धुवावी.

आंबवणात रानटी यीस्टबरोबर दह्याच्या जातकुळीतले लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणूही असतात. आंबट चव त्यांची. आणि आरोग्याचा जो काही खरा फायदा आहे, त्यातला मोठा वाटाही त्यांचाच.

शिराझची गोष्ट

हा फायदा समजण्यासाठी इराणमध्ये जावे लागेल. बिहारमधल्या बक्सरचे डॉ. आनंद प्रसाद १९५८ साली इराणमधल्या शिराझ शहरात काम करायला गेले. तेथे त्यांच्यासमोर २१ वर्षांचा एक तरुण आला, तो दिसायला दहा वर्षांच्या मुलाएवढा होता. उंची खुंटलेली, वयात आल्याची चिन्हे नाहीत, अंगात रक्त नाही आणि माती खाण्याची सवय. अशी आणखी मुले त्या भागात निघाली. त्यांचे मुख्य अन्न म्हणजे न आंबवलेली गव्हाची रोटी. १९६१ साली प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे रुग्ण वैद्यकीय जगासमोर मांडले. पुढे इजिप्तमधल्या अभ्यासात जस्ताची, म्हणजे झिंकची, कमतरता सिद्ध झाली. माणसालाही जस्त लागते, हे वैद्यकशास्त्राने त्यानंतर मान्य केले.

रोटीतले जस्त गेले कोठे? गव्हाच्या कोंड्यात फायटेट नावाचा पदार्थ असतो. तो लोह आणि जस्त घट्ट धरून ठेवतो, त्यामुळे ते आतड्यात शोषले जात नाही. पीठ आंबले की पिठातलेच एक विकर जागे होऊन फायटेट तोडू लागते. थोडा आंबटपणा आला की त्याचे काम अधिक जोमाने चालते. म्हणून यीस्टने फायटेट काही प्रमाणात कमी होते आणि आंबवणाने त्याहून बरेच कमी होते.

आपल्याकडे याचे महत्त्व कोणी वेगळे सांगायला नको. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी निघाल्या. याचा अर्थ पोळी सोडून पाव खा, असा नाही. आंबणे हे तत्त्व महत्त्वाचे. नाचणीची किंवा ज्वारीची अंबील, इडली-डोशाचे पीठ, मोड आणलेली कडधान्ये यांनी तेच काम साधते. त्यात लिंबू पिळले तर लोह आणखी चांगले लागते. आणि चहा? तो जेवणाबरोबर नको, तासाभराने घ्यावा. ज्यांचे हिमोग्लोबिन कमीच आहे त्यांनी मात्र डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या घ्याव्यात, आंबवणावर विसंबून राहू नये.

आंबवणाने काय होत नाही

आता त्या मुलीकडे येऊ. आंबवताना ग्लुटेनचा काही भाग तुटतो, हे खरे. पण काही भाग तुटणे वेगळे आणि सगळे नाहीसे होणे वेगळे. सिलिअ‍ॅक रुग्णाच्या आतड्याला ग्लुटेनचा कणभर अंशही इजा करू शकतो. घरच्या आंबवणाने, कितीही तास ठेवले तरी, गव्हाचा पाव त्या रुग्णासाठी निर्धोक होत नाही. गहू, रवा, मैदा, सातू (जव) आणि राय यांपैकी कशाचाही पाव त्यांना चालत नाही, यीस्ट कुठलेही असो. मुलीच्या आईला मी हेच सांगितले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. पण अशा चुकीच्या माहितीत दोष आईचा नसतो, अर्धे खरे सांगणाऱ्याचा असतो.

गुरुजींचे उत्तर हिशेबात आहे. आंबट पिठाच्या पावाने रक्तातली साखर थोडी सावकाश चढते, पण चढतेच. अर्धा किलो पिठाच्या पावाच्या सोळा स्लाइस केल्या तर प्रत्येकीत सुमारे ३१ ग्रॅम पीठ येते. आपल्या एका मध्यम पोळीतही साधारण तेवढेच पीठ असते. तेव्हा एक स्लाइस म्हणजे एक पोळी. गुरुजी दिवसाला सहा पोळ्या जेवणाखेरीज वर खात होते. मधुमेहात यीस्टचा प्रकार दुय्यम आहे. पीठ कोणते, किती आणि सोबत डाळ, उसळ, भाजी आहे की जॅम, हे आधी पाहावे.

मीठ आणि सोडा

घरच्या पावातही मीठ लागते, त्याशिवाय यीस्ट बेताल फुगते आणि चव येत नाही. अर्धा किलो पिठाला ८ ग्रॅम, म्हणजे सपाट सव्वा चमचा मीठ पुरते. सोळा स्लाइसमध्ये प्रत्येकी अर्धा ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाचे मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी असावे. चार स्लाइस खाल्ल्या की त्यातले २ ग्रॅम झाले, मग लोणचे आणि पापड कोठे बसवायचे ते आपण ठरवावे.

यीस्ट नको म्हणून काही जण सोडा घालतात. रक्तदाबाच्या रुग्णांनी हे ध्यानात घ्यावे की ५ ग्रॅम खाण्याच्या सोड्यात जवळजवळ साडेतीन ग्रॅम मिठाएवढे सोडियम असते. शिवाय सोड्याने पिठातले ब-१ जीवनसत्त्व नासते. यीस्ट यापेक्षा कधीही बरे.

घरच्या पावाचा आणखी एक फायदा सांगायला हवा. २०१६ साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने पाव-ब्रेडचे ३८ नमुने तपासले, त्यांपैकी ३२ नमुन्यांत पोटॅशियम ब्रोमेट किंवा आयोडेट आढळले. ब्रोमेट हे कर्करोगाला कारणीभूत होण्याची शक्यता असलेले द्रव्य मानले जाते. त्याच वर्षी भारतात त्याच्या वापराची परवानगी काढून घेण्यात आली. घरी पाव करताना पीठ, पाणी, मीठ, यीस्ट आणि थोडे तेल यांपलीकडे कशाचीही गरज नसते.

नेहमीच्या शंका

यीस्टच्या पावाने अंगावर किंवा पोटात बुरशी येते का? नाही. भाजताना पावाचा गाभा ९० अंशांच्या वर तापतो आणि यीस्ट मरून जाते. कच्चे पीठ किंवा कच्चे यीस्ट मात्र चाखू नये. लहान मुले आणि कर्करोगाची औषधे घेणारे रुग्ण यांनी तर नाहीच.

यीस्ट शाकाहारी आहे का? ती बुरशी आहे, प्राणिज नाही. अळंबी ज्यांना वर्ज्य, त्यांनी आपल्या नियमाप्रमाणे ठरवावे.

पावात दारू राहते का? आंबताना तयार होणारे अल्कोहोल भाजताना बहुतांश उडून जाते, उरतो तो नाममात्र अंश.

यीस्टने ब-१२ मिळते का? नाही. यीस्टमध्ये ब गटातली इतर जीवनसत्त्वे असतात, पण ब-१२ नैसर्गिकपणे नसते. 'न्यूट्रिशनल यीस्ट' म्हणून जे विकतात त्यात ते वरून मिसळलेले असेल तरच मिळते, तेव्हा पाकिटावर वाचून पाहावे. आणि ते यीस्ट मेलेले असते, त्याने पाव फुगणार नाही.

रात्रीच्या पिठाचा पाव

आंबवण जोपासायला वेळ नाही, पण त्याचा थोडा फायदा हवा, अशांसाठी मधला मार्ग आहे. रात्री २५० ग्रॅम कणीक, २५० मिलिलिटर पाणी आणि चिमूटभर इन्स्टंट यीस्ट कालवून झाकून ठेवावे. थंडीत आठ-दहा तास, उन्हाळ्यात पाच-सहा तास पुरतात. कडक उन्हाळ्यात रात्रभर ठेवायचे तर तासाभराने फ्रिजमध्ये सरकवावे. सकाळी त्यात आणखी २५० ग्रॅम पीठ, ३ ग्रॅम यीस्ट, ८ ग्रॅम मीठ, एक मोठा चमचा तेल आणि लागेल तसे ८० ते १०० मिलिलिटर पाणी घालून दहा-बारा मिनिटे चांगले तिंबावे. पहिल्या खेपेला हे सकाळचे पीठ मैद्याचे घेतले तर हात बसतो. मग हळूहळू मैदा कमी करीत जावा.

गोळा दुप्पट होईपर्यंत, साधारण तास-दीड तास, झाकून ठेवावा. थंडीत दही लागावे म्हणून आपण भांडे तांदळाच्या डब्यात ठेवतो, तशीच ऊब येथेही द्यावी. मग हलके दाबून, आकार देऊन, तेल लावलेल्या डब्यात पाऊण तास ठेवावा. २०० अंशांवर ३५ ते ४० मिनिटे भाजावा. खालून टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला की झाला. पूर्ण निवल्याशिवाय कापू नये, नाहीतर आतून चिकट लागतो. घरच्या पावात टिकवणारे द्रव्य नसते, त्यामुळे उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी उरलेला पाव फ्रीजरमध्ये टाकावा. बुरशीचा ठिपका दिसला तर तेवढा भाग काढून बाकीचा खाऊ नये, सगळा पाव टाकावा.

वाचकहो, पाव ताज्या यीस्टचा करा, कोरड्या करा की आंबवणाचा करा, घरचा पाव चांगलाच. फक्त त्याला औषध समजू नका. ती मुलगी पंधरा दिवसांनी पुन्हा आली तेव्हा जुलाब थांबले होते. टीटीजीचा आकडा खाली यायला अजून काही महिने लागतील. आंबवणाची बरणी आईने टाकली नाही, त्यात आता तांदूळ-उडदाचे पीठ आंबते. मुलीने मला सांगितले, "डॉक्टरकाका, आता आमच्याकडे रोज इडली." मी म्हटले, रोज कशाला, एक दिवसाआड नाचणीची अंबीलही पी.